हायड्रंटखाली तुटणारे बोल्ट: ८० एनबी स्टँडपोस्टला उपयोगी पडतात का?

प्रश्न : शिरोली_मेंटेनन्स

मंडळी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या यार्डासाठी सल्ला हवा आहे. आगीच्या पाण्याची १५० एनबीची (एनबी म्हणजे पाइपचा नाममात्र आतला व्यास, मिमीत) रिंग मेन, म्हणजे यार्डाला वळसा घालणारी मुख्य लाइन, जमिनीखालून फिरते. प्रत्येक हायड्रंटच्या जागी टी काढून ८० एनबीची लाइन वर घेतली आहे. त्यावर वेफर टाइप बटरफ्लाय व्हॉल्व्ह, त्यावर ८० एनबी हेवी पाइपचं स्टँडपोस्ट (उभा पाइप) आणि साधारण एक मीटर उंचीवर ६३ मिमीचा लँडिंग व्हॉल्व्ह (होज जोडायचा). फ्लँज (पाइपच्या तोंडाची भोकांची चकती) टेबल ई मापाचे, चार होल, बोल्ट एम१६. लाइनला ७ किलो (प्रति चौ. सेंमी) दाब असतो, टेस्ट १०.५ किलोला झाली आहे.

यार्डात वाळूचे डंपर आणि कास्टिंगचे ट्रेलर रिव्हर्समध्ये येतात. तीन स्टँडपोस्ट अगदी वळणावर आहेत. अमेरिकेत हायड्रंट आणि खालचा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम कमजोर केलेले बोल्ट घालतात, गाडी धडकली की बोल्ट तुटतात आणि खालची लाइन वाचते, असं वाचलं. तसे बोल्ट इथे चालतील का? कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेता येतील का? आणि बोल्ट तुटल्यावर पाण्याचं काय?

उत्तर : वॉटरलाइन_काम

बोल्टाच्या आधी तुमच्या व्हॉल्व्हबद्दल बोलू. वेफर व्हॉल्व्हला स्वतःचे फ्लँज नसतात. वरचा आणि खालचा फ्लँज यांच्यामध्ये तो लांब बोल्टांनी दाबून धरलेला असतो. हेच लांब बोल्ट तुटणारे केले तर धडकेत स्टँडपोस्टबरोबर व्हॉल्व्हही सुटणार. ज्या व्हॉल्व्हने पाणी बंद करायचं तोच यार्डात पडलेला, आणि ७ किलोची लाइन ८० एनबीच्या तोंडाने उघडी. म्हणून या मांडणीत असे बोल्ट अजिबात घालू नका.

आधी वेफर काढा आणि दोन्ही बाजूंना फ्लँज असलेला स्लूस व्हॉल्व्ह (चावीने फिरवायचा गेट व्हॉल्व्ह) चेंबरमध्ये, जमिनीच्या पातळीखाली बसवा. त्याचा खालचा आणि वरचा जोड पूर्ण ताकदीच्या बोल्टांनी. त्यावर छोटा स्पूल (दोन्ही टोकांना फ्लँज असलेला पाइपचा तुकडा) घेऊन जमिनीच्या वर ७५ ते १०० मिमीवर एक वेगळा फ्लँज जोड करा. तुटायचं ते फक्त या जोडात.

आता मूळ कल्पना. हे बोल्ट दोन प्रकारचे असतात: एकात मधोमध लांबीच्या दिशेने भोक पाडलेलं असतं, दुसऱ्यात बाहेरून खाच घेऊन मान बारीक केलेली असते. दोन्हीत कमजोर जागा बरोबर दोन फ्लँजच्या सांध्यात यावी लागते. भोकाच्या बोल्टात सिलिकॉन भरून तोंड बंद करतात, नाहीतर आत पाणी साचून तो आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पण बोल्ट पाणी थांबवत नाही, हे लक्षात घ्या. थंड प्रदेशातल्या ड्राय बॅरल हायड्रंटचा मुख्य व्हॉल्व्ह खाली जमिनीत असतो आणि तो पाण्याच्या दाबानेच मिटलेला राहतो. वरचं धड उडालं, आतल्या दांड्याचा कपलर तुटला, तरी पाणी येत नाही. कॅलिफोर्नियासारख्या भागात, जिथे पाणी गोठत नाही, तिथे वेट बॅरल वापरतात. त्यात वरपर्यंत पाणी भरलेलं असतं, म्हणून धड उडालं की कारंजं. ते टाळायला काही ठिकाणी तुटणाऱ्या जोडाच्या खाली एक झडप घालतात. हायड्रंट जागेवर असताना ती उघडी धरलेली असते, हायड्रंट गेला की वर येणाऱ्या पाण्याच्या रेट्याने मिटते. तुमचं स्टँडपोस्ट पाण्याने भरलेलं असतं, म्हणजे वागणूक वेट बॅरलचीच. झडप नसेल तर बोल्ट तुटण्याचा फायदा एवढाच की जमिनीखालचा टी आणि वेल्ड वाचतो.

उत्तर : डिझाइन_कागल

वरचं सगळं बरोबर. पण एक हिशेब कुणी केला नाही, आणि निर्णय त्याच्यावरच आहे.

तुटणारा बोल्ट कामाचा तेव्हाच, जेव्हा त्या सगळ्या साखळीत तोच सगळ्यात कमजोर असतो. परदेशी हायड्रंटचं धड ओतीव लोखंडाचं, जाड आणि ताठ असतं. ते वाकत नाही, म्हणून जोर बोल्टावर येतो. आपलं स्टँडपोस्ट म्हणजे एमएस (साध्या पोलादाचा) पाइप. तो वाकतो.

आकडे बघा. ८० एनबी हेवी पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, जाडी ४.८ मिमी. यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकतं) २४० मेगापास्कल धरलं तर साधारण ८ किलोन्यूटन-मीटरला तो फ्लँजच्या वर घडी पडून वाकतो. ट्रकचा बंपर ६० सेंटिमीटर उंचीवर लागला असं धरा, म्हणजे आडवा जोर सुमारे १.४ टन. आता बोल्ट. एम१६, ग्रेड ४.६ (ताकदीचा वर्ग), ताणाचं क्षेत्रफळ १५७ चौ. मिमी, म्हणजे एक बोल्ट साधारण ६३ किलोन्यूटनला तुटतो. टेबल ई ८० एनबीचा फ्लँज १८४ मिमीचा, पीसीडी (बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १४६. फ्लँज पलीकडच्या कडेवर टेकून उलटतो आणि धडकेच्या बाजूचे दोन बोल्ट ताणले जातात, त्यांचा हात (त्या कडेपासूनचं अंतर) १४४ मिमी. गुणाकार केला की १८ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे बंपरच्या उंचीवर ३ टन.

पाइप १.४ टनाला जातो, बोल्ट ३ टनाला. बोल्टात ९ मिमीचं भोक आरपार पाडलं तरी तो आकडा १.८ टनांवर येतो, अजूनही पाइपपेक्षा जास्त. म्हणजे तुमच्याकडे भोकाचे बोल्ट घातले तर धडकेत पाइप वाकणार, फ्लँजचं वेल्ड फाटणार आणि बोल्ट शाबूत राहणार. कुणी बदलीत ८.८ ग्रेडचे बोल्ट घातले असतील तर तो ३ टनांचा आकडा दुप्पट होतो, तेव्हा डोक्यावरची खूण आधी बघून घ्या.

आणि ‘मग बोल्ट अजून बारीक करू’ हा मार्ग बरा नाही. मान ८ मिमी केली तर तो १ टनाच्या आत तुटेल, पण मग घट्ट आवळता येत नाही. होजमध्ये दाबाचं पाणी भरून स्टँडपोस्टला हिसका बसला की जोड उघडून गळायला लागेल. आगीच्या वेळी गळणारा जोड कुणालाच नको.

शिरोली_मेंटेनन्स

हिशेबाबद्दल आभार, हे डोक्यात आलंच नव्हतं. बोल्टांवर ४.६ ची खूण आहे. वेफर काढून चेंबरमध्ये स्लूस व्हॉल्व्ह घ्यायचं पक्कं करतो. पण वळणावरच्या तीन जागांसाठी पाइप बोल्टापेक्षा ताठ करता येईल का? स्टँडपोस्ट १०० एनबी केलं तर?

उत्तर : उद्यमनगर_लेथ

१०० एनबी केलं तर फ्लँजही १०० चा येतो. टेबल ई मध्ये १०० ला आठ होल आहेत, म्हणजे बोल्ट दुप्पट झाले आणि पुन्हा तोच प्रश्न. त्यापेक्षा ८० च ठेवा आणि फ्लँजच्या वर चार गसेट (आधाराच्या तिकोनी पट्ट्या) मारा: ८ मिमी प्लेट, १५० मिमी उंच, बोल्टांच्या मधल्या जागेत, म्हणजे पाना फिरेल. पाइपची वाकायची जागा १५० मिमी वर सरकते, बंपरपासूनचा हात ४५ सेंटिमीटर राहतो, आणि वाकायला १.४ ऐवजी सुमारे १.८५ टन लागतात. आता बोल्ट १.४ टनाच्या आसपास तुटेल असा करायचा. त्यासाठी मानेचा व्यास ९.५ मिमी येतो.

भोकापेक्षा मान बरी. लांब आणि सरळ मध्यावर भोक पाडताना ड्रिल थोडं जरी सरकलं तरी एका बाजूची भिंत पातळ राहते, आणि ते बाहेरून कळत नाही. मानेचा व्यास व्हर्नियरने प्रत्येक नगावर मोजता येतो.

लांबी अशी काढा: फ्लँज १६ मिमीचे असतील तर दोन मिळून ३२, गॅस्केट ३, दोन वॉशर ६, नट १३ ते १५, वर तीन आटे ६. म्हणजे एम१६ × ६५. अर्धवट आट्याचा बोल्ट घ्या, पूर्ण आट्याचा नको. डोकं वर ठेवलं तर सांध्याची मध्यरेषा डोक्याखाली साधारण २० मिमीवर येते, आणि ती साध्या दांड्यात पडते. मान तिथेच घ्या. दोन्ही बाजूंना किमान २ मिमीची त्रिज्या सोडा. टोकदार टूलने चौकोनी खाच घेतली तर कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि जवळच्या मोल्डिंग मशीनच्या थरथरीने बोल्ट धडक न बसताच एक दिवस जातो. तुमचा फ्लँज वेगळ्या जाडीचा असेल तर २० चा आकडा बदलेल, आधी मोजा.

सगळे बोल्ट एकाच लॉटचे घ्या. बाजारात ४.६ म्हणून मिळणारा बोल्ट पुष्कळदा त्याहून चिवट निघतो, आणि इथे जास्त ताकद हाच दोष. म्हणून बारा लागणार असतील तर वीस करा, त्यातले तीन यूटीएमवर (ताण मोजणाऱ्या टेस्टिंग मशीनवर) ओढून तोडा. मानेवर २८ किलोन्यूटन अपेक्षित आहे. ३५ च्या वर गेला तर मान थोडी उतरवा आणि पुन्हा तोडून बघा. उरलेले स्टोअरमध्ये वेगळ्या डब्यात, डोक्यावर लाल रंग देऊन. साध्या एम१६ च्या खोक्यात मिसळले की पुढच्या दुरुस्तीत कोण कुठला घालेल सांगता येत नाही.

उत्तर : वॉटरलाइन_काम

गसेट आणि मान दोन्ही पटलं. फक्त आवळण्याकडे लक्ष द्या. ९.५ मानेच्या बोल्टाला ३० ते ३५ न्यूटन-मीटर पुरे, टॉर्क पान्यानेच. एक फूट लांब पान्यावर माणसाने चाळीस किलो जोर दिला की १२० होतात, आणि मान तिथेच ताणली जाते. ताणलेली मान डोळ्यांना दिसत नाही, टेस्टला टिकते आणि नंतर सुटते. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, तीन फेऱ्यांत: १०, २०, मग पूर्ण. गॅस्केट ३ मिमी रबर, फुल फेस. कमी जोरात बसणारा जोड असल्यामुळे इथे कडक सीएएफ (दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसची) शीट घालू नका, तिला दाबायला जास्त ताण लागतो.

आणखी एक, यार्डात नवीन काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकताना पातळी १०० मिमी वर येते आणि फ्लँज गाडला जातो. मग तो जोड तुटतच नाही, सगळा जोर खाली टी वर जातो. फ्लँजभोवती मोकळी जागा कायम राहील असं चेंबरचं झाकण करा. काळ्या मातीत टी खाली पेडेस्टल (काँक्रीटचा आधार) नसेल तर तेही आत्ताच ओता, पुन्हा खोदायला लागू नये.

उत्तर : पंपहाउस_गोकुळशिरगाव

पाण्याचं कुणी पूर्ण सांगितलं नाही म्हणून लिहितो.

जोड तुटला की लाइनचा दाब पडतो. आधी जॉकी (दाब टिकवणारा छोटा पंप) सुरू होईल, त्याला ते झेपणार नाही, मग मुख्य पंप आपोआप सुरू होईल. मुख्य पंप आपोआप बंद होत नाही, हाताने बंद करावा लागतो, आणि आगीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. २२८० लिटर प्रति मिनिटाचा पंप असेल आणि टाकी १०० घनमीटरची असेल तर ४४ मिनिटांत टाकी रिकामी. उघड्या तोंडावर पंप त्याच्या ठरलेल्या प्रवाहापेक्षा जास्त पाणी फेकतो, म्हणजे वेळ याहून कमीच मिळतो. तोपर्यंत बाकीचे सगळे हायड्रंटही दाबाशिवाय.

म्हणून चेंबरमधल्या स्लूस व्हॉल्व्हची टी-चावी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगलेली असावी, स्टोअरमध्ये कुलपात नको. रात्रीच्या वॉचमनला कुठला चेंबर, किती फेरे, कुठल्या दिशेने, हे हाताने करून दाखवा. रिंग मेनवर सेक्शन व्हॉल्व्ह आहेत का तेही बघा. असतील तर चेंबरमध्ये पाणी भरलं असलं तरी दोन्ही बाजूंनी तो तुकडा तोडता येतो आणि बाकीचं यार्ड चालू राहतं. चेंबरच्या झाकणावर कच्चा लोखंडी माल रचू नये म्हणून पिवळा चौकोन आखा.

आणि हे सगळं करण्याआधी बोलार्ड (गाडी अडवणारे खांब). १०० किंवा १५० एनबी पाइप, आत काँक्रीट, जमिनीवर एक मीटर, खाली किमान पाऊण मीटर पायासकट. स्टँडपोस्टपासून सुमारे एक मीटर सोडून, गाडी येते त्या बाजूंना. लँडिंग व्हॉल्व्हच्या तोंडासमोर बोलार्ड येऊ देऊ नका, होज सरळ बाहेर निघायला हवा, घडी पडली की पाणी अडतं. तुटणारा बोल्ट धडक बसल्यानंतरचं नुकसान कमी करतो, बोलार्ड धडकच अडवतो. वळणावरच्या तीन जागांना दोन्ही करा, बाकीच्यांना बोलार्ड आणि चेंबरमधला व्हॉल्व्ह पुरे.

एक कागदी बाब. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, तो देणारी परवानाधारक एजन्सी हा बदल बघणारच. बोल्टांचं ड्रॉइंग, यूटीएमचे आकडे आणि नंतरची हायड्रो टेस्ट त्यांना आधी दाखवून लेखी होकार घ्या. काम झाल्यावर सही मागायला जाऊ नका.

शिरोली_मेंटेनन्स

तीन जागांना गसेट, ९.५ मानेचे बोल्ट आणि बोलार्ड, बाकीच्यांना बोलार्ड आणि स्लूस व्हॉल्व्ह, असं ठरवतोय. फ्लँज मोजले, १४ मिमीचे आहेत. मान डोक्याखाली किती मिमीवर?

उत्तर : उद्यमनगर_लेथ

वॉशर ३, फ्लँज १४, गॅस्केटचा अर्धा १.५. म्हणजे १८.५ मिमी मध्यरेषा. मानेची लांबी ८ मिमी ठेवा, १४.५ ते २२.५, त्रिज्या यातच धरून. गॅस्केट आवळल्यावर थोडं दबतं, पण तेवढा फरक या लांबीत बसतो. दोन्ही फ्लँज मिळून ४ मिमी कमी झाले, तरी ६५ चाच बोल्ट घ्या, नटाबाहेर आटे थोडे जास्त दिसतील एवढंच. गॅल्व्हनाइझ करून घेणार असाल तर मान घेतल्यानंतर करा, आधी नको, नाहीतर सगळ्यात पातळ जागाच उघडी राहते. आणि नट जस्ताच्या थरासाठी मोठ्या आट्याचे मागा, साधे नट जस्तावर अडकतात आणि टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो.