गटोपचाराच्या पहिल्या दिवसाआधी तुम्ही काय केलंत?

मंगळवारपासून माझा गट सुरू होतोय. आठ जणी, दहा आठवडे. लहानपणी घरातल्याच माणसाकडून जे झालं, ते आजवर फक्त माझ्या समुपदेशक ताईंना सांगितलंय. परवापासून पोटात गोळा आलाय. अशा गटात गेलेल्यांनी लिहा ना, आधी मनाची तयारी कशी केलीत? घडलेल्याचे तपशील मात्र नकोत, वाचणाऱ्याला त्रास व्हायचा.

बोरिवलीकर: ११ जुलै २००६. सात स्फोटांपैकी माहीमचा, त्या लोकलमध्ये मी मागच्या डब्यात होतो. पुढची बारा वर्षं ‘मला कुठे काय झालं’ म्हणत काढली. गट दादरला, म्हणजे जायचं पश्चिम रेल्वेनेच! आधीच्या रविवारी दुपारी गाड्या रिकाम्या असताना बायकोला घेऊन नुसता जाऊन आलो. जिना कुठला, खोली कुठली, दाराजवळ खुर्ची आहे ना, सगळं बघून ठेवलं. पहिल्या दिवशी तरीही बसनेच गेलो. चालतं.

किल्लारीची लेक: ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता पुण्यात असते. मला वेगळीच धास्ती होती, बाकीच्यांचं दुःख माझ्याहून मोठं निघालं तर? माझी फक्त आजी गेली, शेजारची अख्खी घरं गेली. आधीच्या भेटीत डॉक्टरांना हे बोलले, तर म्हणाले, “या खुर्चीत बसून जवळजवळ सगळे हेच म्हणतात.”

नाशिककर: मी पहिला गट दुसऱ्याच बैठकीत सोडला, तेही सांगते. पहिल्याच दिवशी एकेकीला सगळं बोलायला लावलं. नाही म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. वर्षभराने दुसरीकडे गेले. तिथे पहिले चार आठवडे घटनेचा विषयच नाही. पाय जमिनीवर टेकवा, श्वास सावकाश सोडा, दिसतील त्या पाच वस्तू मोजा. पोरखेळ वाटायचा. सहाव्या आठवड्यात एकीचं ऐकताना माझे हात थरथरायला लागले. पंखा, जग, चपला, कॅलेंडर, तिची बांगडी. मोजलं आणि बसून राहिले. तर आधीच विचार: आज बोलायचं नाही असं म्हणता येतं का? मध्येच उठले तर सोबत कोण येईल? इथलं बाहेर जाणार नाही हे सगळ्यांनी कबूल केलंय का? विचारल्याचा त्यांना राग आला, तर तो गट घेऊ नकोस.

डोंबिवलीकर: बैठकीनंतर त्या दिवशी ऑफिस नको. डोकं बधिर होतं, विनाकारण चिडचिड होते. मी सकाळीच खिचडी करून ठेवायचे. मधल्या रात्री जड गेल्या तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मी दोनदा लावलाय.

धागाकर्ती: आणि घरी काय सांगितलंत?

डोंबिवलीकर: योगाचा क्लास. आता सासूबाई म्हणतायत, मलाही घेऊन चल.