मदत हवी आहे: निविदांसाठी ‘उपलब्ध’ महिला उद्योजक मोजायच्या कशा?

नमस्कार मंडळी. सरकारी खरेदीत महिलांच्या उद्योगांना किती वाटा मिळतो, यावर एम.ए.चा लघुप्रबंध लिहितेय. केंद्राच्या धोरणात सूक्ष्म-लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी अपेक्षित आहे, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. अमेरिकेत 1989 च्या रिचमंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिचमंड शहराची, कंत्राटाच्या रकमेतलं किमान 30 टक्के काम अल्पसंख्याकांच्या उद्योगांना देण्याची अट रद्द केली. नुसतं लोकसंख्येचं प्रमाण चालणार नाही, काम करू शकणारे आणि करायला तयार असलेले किती ते दाखवा, असं बजावलं. तेव्हापासून तिथे एखाद्या गटाला कंत्राटांत मिळालेल्या वाट्याला, उपलब्ध उद्योगांमधल्या त्या गटाच्या वाट्याने भागून 100 ने गुणतात. उत्तर 80 च्या खाली गेलं की तफावत मोठी धरतात.

माझं घोडं अडलंय ते छेदात, म्हणजे ‘उपलब्ध’ कुणाला धरायचं त्यात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) धरली तर पापडवालीही रस्त्याच्या कामाला ‘उपलब्ध’ ठरते. फक्त निविदा भरणाऱ्या धरल्या, तर अटी वाचूनच माघारी फिरलेल्या गळतात. (सहीपुरत्या मालकिणी हा आणखी वेगळाच घोळ!)

इथे कुणी निविदा भरल्यात का? उलाढालीची, पूर्वानुभवाची अट कुठे आडवी आली? आणि तांत्रिक छाननीत बाद झालेल्यांची एकत्रित यादी मिळते, की माहिती अधिकारात अर्जच टाकावा लागतो?