सुनील दत्त यांचे राजकारण केवळ पडद्यावरच्या लोकप्रियतेवर उभे होते का?

प्रश्न : शिक्षक, धुळे

सर्वांना नमस्कार. मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्या बारावीतील एका विद्यार्थिनीने वक्तृत्व स्पर्धेसाठी अभिनेते आणि खासदार सुनील दत्त यांचा विषय निवडला आहे. तिचा पहिला खर्डा मी वाचला. त्यात १९५७ च्या ‘मदर इंडिया’मधला बिरजू आहे, ११ मार्च १९५८ रोजी नर्गिस यांच्याशी झालेला विवाह आहे, आणि त्यानंतरच्याच परिच्छेदात ते १९८४ मध्ये लोकसभेवर निवडून येतात. मधल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पत्ताच नाही. वर्गात तिने हे वाचून दाखवल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, सिनेमातला माणूस होता म्हणूनच निवडून आला ना?” मुलगी गप्प झाली आणि मलाही त्या वेळी पुरेसे उत्तर देता आले नाही. त्या मुलाचा प्रश्न मला वाजवी वाटतो, म्हणूनच त्याचे उत्तर पुराव्यानिशी देण्याची इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, जळगाव

सर, त्या मुलाचे म्हणणे १९८४ पुरते बरेचसे खरे आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक होती. देशभरात काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा त्या पक्षाकडे गेल्या. मुंबई वायव्य मतदारसंघात दत्त यांनी राम जेठमलानी यांच्यासारख्या नामांकित वकिलाचा पराभव केला खरा, पण त्या लाटेत कोणाच्या मताचे श्रेय कशाला द्यावे हे वेगळे काढणे अवघड आहे. त्याच निवडणुकीत अलाहाबादहून अमिताभ बच्चन आणि दक्षिण मद्रासमधून वैजयंतीमाला निवडून आल्या होत्या.

खरी परीक्षा पुढे आहे. बच्चन यांनी १९८७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. दत्त टिकले, आणि १९८९ मध्ये काँग्रेस देशात १९७ जागांवर घसरून सत्तेबाहेर गेली तेव्हाही त्यांनी आपली जागा राखली. १९९१ मध्ये ते पुन्हा निवडून आले. पक्षाची लाट ओसरल्यावर जो उमेदवार उभा राहतो, त्याच्या मतांमागे मतदारसंघातील कामाचा आणि ओळखीचा हिशेब असतो, असे मी तरी मानतो. नुसत्या पोस्टरवरचा चेहरा पाच वर्षांनी मतदाराला पुरत नाही.

उत्तर २ : गृहिणी, अमळनेर

सर, मधल्या वर्षांबद्दल मी लिहिते, कारण दत्त यांचा स्वभाव त्याच वर्षांत घडला, असे मला मनापासून वाटते.

त्यांचे मूळ नाव बलराज. ६ जून १९२९ रोजी झेलम जिल्ह्यातील खुर्द या गावी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, त्यांचा जन्म झाला. वडील ते लहान असतानाच वारले. फाळणीच्या दंगलीत वडिलांच्या एका मुसलमान मित्राने कुटुंबाला आसरा दिला आणि त्यामुळे सगळे जिवंत राहिले, ही आठवण त्यांनी जन्मभर सांगितली. मुंबईत जय हिंद कॉलेजात शिकताना त्यांनी बेस्टमध्ये नोकरी केली, पुढे रेडिओ सिलोनवर निवेदक झाले आणि १९५५ च्या ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’मधून पडद्यावर आले. ‘मुझे जीने दो’ (१९६३) मध्ये ते डाकू होते, तर ‘यादें’ (१९६४) मध्ये संपूर्ण चित्रपटभर पडद्यावर एकटेच. याच काळात त्यांच्या ‘अजंठा आर्ट्स’चे कलापथक सीमेवरच्या जवानांसाठी कार्यक्रम करत फिरत होते. म्हणजे लोकांमध्ये जाण्याची सवय खासदारकीच्या वीस वर्षे आधीची आहे.

दुसरी गोष्ट कॅन्सरची. नर्गिस १९८० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि ३ मे १९८१ रोजी कॅन्सरने गेल्या. त्यानंतर दत्त यांनी त्यांच्या नावाने न्यास उभा केला आणि ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) हा याच आजारावरचा चित्रपट काढला. माझ्या आईच्या उपचारांसाठी आम्ही टाटा रुग्णालयात जात असू. रात्रीच्या गाडीने निघायचे, पहाटे दादरला उतरायचे, पिशवीत तपासण्यांची जाडजूड फाईल आणि घरून बांधून नेलेली कळण्याची भाकरी व ठेचा. परळच्या त्या रांगेत चोपड्याची, नंदुरबारकडची माणसे अहिराणीच्या दोन शब्दांवरून ओळखू येत आणि आम्ही एकमेकांना जागा धरून ठेवत असू. आपल्या भागातल्या लोकांना या आजाराबरोबर प्रवासाचाही केवढा त्रास सोसावा लागतो, हे तेव्हा कळले. म्हणूनच बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या मुलीने हा भाग भाषणात जरूर घ्यावा.

उत्तर ३ : वारकरी, मुक्ताईनगर

ताईंनी फार चांगले लिहिले. मी एकाच घटनेविषयी लिहितो. १९८७ मध्ये पंजाब अशांत असताना दत्त मुंबईहून अमृतसरच्या सुवर्णमंदिरापर्यंत चालत गेले. अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर होते, अडीच महिन्यांच्या आसपास वेळ लागला, आणि कन्या प्रिया सोबत होती. दिवसाला सरासरी पंचवीस किलोमीटरच्या वर चाल पडते. आमच्या मुक्ताईची पालखी पंढरपूरला महिनाभराने पोहोचते आणि मी त्या दिंडीत अनेक वर्षे चाललो आहे, म्हणून या आकड्याचा अर्थ मला पायांनी ठाऊक आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी तळपायाचे फोड फुटतात, सुईत दोरा ओवून त्यातले पाणी काढावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांवर पुन्हा उभे राहावे लागते. दत्त तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. छायाचित्रापुरते चालणारा माणूस पहिल्या आठवड्यात गाडीत बसतो. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अण्वस्त्रांच्या विरोधात त्यांनी जपानमध्ये नागासाकी ते हिरोशिमा अशी पदयात्राही केली.

प्रश्नकर्ता : शिक्षक, धुळे

सर्वांचे आभार. एक शंका उरते. १९९१ नंतर एकदम १९९९ मध्ये त्यांचे नाव पुन्हा विजयी उमेदवारांत दिसते. मधल्या दोन निवडणुकांचे काय?

उत्तर ४ : निवृत्त ग्रंथपाल, जळगाव

सर, १९९६ आणि १९९८ या दोन्ही निवडणुका ते लढलेच नाहीत. १९९३ मध्ये मुंबई बॉम्बस्फोट प्रकरणी त्यांचे पुत्र संजय यांना अटक झाली आणि पुढील वर्षे न्यायालये व तुरुंगाच्या फेऱ्यांत गेली. हा भाग विद्यार्थिनीने वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. थोर माणसाच्या चरित्रातील अडचणीचे पान फाडून टाकले की उरलेल्या पानांवरचाही विश्वास जातो.

त्या दोन्ही वेळी मुंबई वायव्यमधून शिवसेनेचे मधुकर सरपोतदार निवडून आले. १९९९ मध्ये दत्त परतले तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस नुकतीच वेगळी झाली होती, राज्यात दोघे एकमेकांविरुद्ध लढत होते, आणि देशात काँग्रेसला ११४ जागा मिळाल्या. अशा वर्षी त्यांनी सरपोतदार यांना हरवले. २००४ मध्ये पाचव्यांदा निवडून आल्यावर ते केंद्रात युवक कल्याण व क्रीडा खात्याचे मंत्री झाले. मंत्रिपद मात्र जेमतेम वर्षभर लाभले, कारण २५ मे २००५ रोजी वांद्रे येथील घरी त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत ती जागा प्रिया दत्त यांनी जिंकली.

मागच्या बाकावरच्या त्या मुलासमोर १९८९ आणि १९९९ हे दोन निकाल ठेवावेत आणि ‘लाट नसताना हा माणूस कसा निवडून आला?’ असा उलट प्रश्न त्यालाच विचारावा. मुलीच्या भाषणाची सुरुवातही विवाहाच्या प्रसंगाऐवजी तेथूनच करता येईल. स्पर्धेच्या आधी खर्डा येथे दिलात तर सनावळी मी तपासून देईन.