नवीन बॅटरी टाकली तरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही, बॅटरी उतरवणारा ड्रेन कसा शोधू?

शनिवारचा_मेकॅनिक

मंडळी, जरा मदत हवीये. पेट्रोल गाडी आहे, मॅन्युअल, आठ-नऊ वर्षं जुनी. रोज चालवली तर काहीच त्रास नाही, चावी फिरवली की लगेच स्टार्ट. पण शुक्रवारी रात्री लावून ठेवली आणि सोमवारी सकाळी चावी फिरवली की नुसतं टक टक टक, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात आणि विषय संपला. जंप दिला की पुन्हा आठवडाभर छान चालते.

गॅरेजला दाखवली तर बॅटरी गेली म्हणाले, बदलली (४५ एएच, म्हणजे अँपिअर-अवर क्षमतेची), तरी पुढच्या सुट्टीनंतर परत तेच. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) पण बघितला त्यांनी, इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट येतात त्यामुळे तो ओके म्हणतायत. आता सेल्फ मोटर बदलून बघू असं चाललंय. हे "बदलून बघू" मला काही पटत नाहीये, आधी दोष कुठे आहे ते कळायला नको का?

माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे, पाने-सॉकेट सगळं आहे, ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड घरीच करतो, पण वायरिंगला आजवर हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

लाल_काळी_वायर

भाऊ, सेल्फ मोटर अजिबात बदलू नकोस. रोज सकाळी जो सेल्फ झटक्यात इंजिन फिरवतो तो तीन दिवस उभा राहून खराब होत नाही.

मीटरच्या आधी एक सोपी टेस्ट कर. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज कर, आणि पुढच्या वेळी गाडी लावताना मायनसचा क्लॅम्प काढून बाजूला ठेव. तीन दिवसांनी जोड आणि स्टार्ट कर. झाली स्टार्ट तर बॅटरी पण चांगली, सेल्फ पण चांगला, गाडीतलंच काहीतरी करंट खातंय. नाही झाली तर बॅटरीतच घोळ आहे, नवी असली तरी. ही टेस्ट करायला फक्त एक पाना लागतो आणि अर्धे संशयित बाद होतात. हो, आणि मायनस काढण्याआधी स्टिरिओला कोड आहे का ते बघून ठेव, काही गाड्यांमधे नंतर तो मागतो, काचांचं ऑटो सेटिंग पण कधीकधी परत शिकवावं लागतं.

वायरिंगवाली_ताई

मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब लावून बघा. गाडी लॉक करून झोपली की तिने साधारण ५० मिलीअँपच्या आत करंट घ्यायला पाहिजे, बऱ्याच गाड्या २०-३० वरच थांबतात. घड्याळ, अलार्म, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी एवढ्यासाठी तो लागतोच. तुमची ४५ एएचची बॅटरी ५० मिलीअँपवर तीन दिवसांत चार एएच सुद्धा गमावणार नाही. म्हणजे तीन दिवसांत ती इतकी बसतेय याचा अर्थ तुमचा ड्रेन याच्या कितीतरी पट असणार, चार-पाचशे मिलीअँपच्या घरात असावा असा माझा अंदाज. एवढा मोठा ड्रेन साध्या मीटरवर आरामात दिसतो ही चांगली बातमी.

आता मोजायचं कसं. मीटरची लाल वायर १० अँपच्या सॉकेटमधे लावा (हे विसरलं की मीटरचा आतला फ्यूज जातो), नॉब १० अँप डीसीवर. मीटर बॅटरीचं मायनस टर्मिनल आणि मायनसची केबल यांच्या मधे बसवायचा. पण बसवण्याआधी गाडीची तयारी करा. बॉनेट उघडं ठेवा, ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून त्याच्या लॅचमधे स्क्रूड्रायव्हर फिरवून कुलूप "बंद" स्थितीत आणा, म्हणजे गाडीला दरवाजा बंद आहे असं वाटेल आणि तुम्हाला आतल्या फ्यूजबॉक्सपर्यंत हात घालता येईल. बॉनेटला स्विच असेल तर त्याचंही तसंच. मग रिमोटने लॉक करा आणि चावी लांब नेऊन ठेवा, कीलेस असेल तर नक्कीच.

आणि महत्त्वाचं, सर्किट मधे तुटू देऊ नका. मीटरचं एक टोक मायनसच्या खांबाला, दुसरं केबलच्या क्लॅम्पला आधी लावायचं आणि मग हळूच क्लॅम्प उचलायचा. एक क्षण जरी सप्लाय गेला तरी सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) परत जागे होतात आणि तुमची वाट बघणं पहिल्यापासून. कधीकधी तर रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटलेला असतो तो या तुटण्यानेच सुटतो आणि दोष गायब होतो, मग बसा शोधत.

लगेच आलेला आकडा धरायचा नाही. सुरुवातीला दोन-तीन अँप दिसतील, घाबरू नका. २० मिनिटं ते अर्धा तास थांबा, काही गाड्या तासभर घेतात. पायरी पायरीने खाली येतो तो आकडा. जिथे येऊन थांबेल तो तुमचा खरा ड्रेन.

मीटर मधे असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शेकड्यांनी अँप ओढतो.

डिकीतला_जॅक

ताईंनी सांगितलेलं सगळं बरोबर, फक्त पुढची पायरी मी जोडतो. बरेच जण इथे येऊन एकेक फ्यूज उपटायला लागतात. उपटू नका राव. फ्यूज काढून परत लावला की त्या सर्किटवरचं मॉड्यूल जागं होतं आणि आकडा परत वर.

त्यापेक्षा फ्यूज जागेवरच राहू द्या. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर प्लास्टिकमधून दोन बारीक धातूचे ठिपके उघडे दिसतात. मीटर मिलीव्होल्ट डीसीवर ठेवायचा, दोन्ही प्रोब त्या दोन ठिपक्यांवर टेकवायचे. ०.० आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाहीये, पुढचा. ०.१, ०.३ असं काही आलं तर तिथून करंट जातोय. प्रोब जरा जोर देऊन टेकवा, ठिपक्यावर मळ असतो. आणि लक्षात ठेवा, जेवढा मोठा फ्यूज तेवढा त्याचा रेझिस्टन्स कमी, त्यामुळे ३० अँपच्या फ्यूजवरचा ०.१ हा ५ अँपच्या फ्यूजवरच्या ०.१ पेक्षा खूप जास्त करंट असतो. याचे तयार चार्ट मिळतात.

या कामाला मीटर दुसरा मिळाला तर उत्तम, एक मायनसला लावलेला राहील. एकच असेल तर अर्धा तास झोपू दिल्यावर मायनसचा क्लॅम्प परत बसवा (मीटर लागलेला असतानाच, तोडू नका) आणि मग मीटर काढून फ्यूज तपासा.

नंतर लावलेला स्टिरिओ, ट्रॅकर, डॅशकॅम असं काही आहे का? पहिला संशय त्यांच्यावर. नंतर डिकी आणि ग्लोव्हबॉक्सचे दिवे, ते बंद होतात की नाही हे आत मोबाइलचा कॅमेरा रेकॉर्डिंगला ठेवून झाकण लावलं की कळतं.

शनिवारचा_मेकॅनिक

सगळ्यांचे आभार, केलं सगळं. मायनस काढून ठेवलेली टेस्ट आधी केली, तीन दिवसांनी जोडून चावी फिरवली आणि झटक्यात स्टार्ट! म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही सुटले.

मग ताईंच्या पद्धतीने मीटर लावला. लॉक केल्यावर २.८ अँप, मग ०.९, आणि अर्ध्या तासाने ०.४३ वर येऊन थांबला तो थांबलाच. फ्यूज एकूण एक तपासले, आतले पण आणि बॉनेटखालचे पण. फक्त एकावर ०.१ मिलीव्होल्ट आला, तो घड्याळ आणि स्टिरिओच्या मेमरीचा, तो फ्यूज काढला तर करंट ०.४१ अँप झाला फक्त. बाहेरून लावलेलं काही नाही. डिकीचा दिवा विझतो, रेकॉर्डिंग करून बघितलं. रिलेंना पण हात लावून बघितलं, एकही गरम नाही.

म्हणजे ०.४ अँप जातोय पण कुठल्याच फ्यूजमधून जात नाहीये?? इथे माझं डोकं चालेना.

वायरिंगवाली_ताई

वा, इतकं नीट मोजून आलात, आता फार काही उरलं नाही. फ्यूजबॉक्समधून न जाता थेट बॅटरीला जोडलेल्या गोष्टी गाडीत मोजक्याच असतात. एक सेल्फची जाड केबल, दुसरी अल्टरनेटरची. सेल्फचा कॉन्टॅक्ट उघडा असताना तिथून सहसा काही जात नाही. माझा संशय अल्टरनेटरवर आहे.

१४.१ व्होल्ट येतात म्हणून तो ओके, हे अर्धंच खरं. १४.१ म्हणजे तो चार्ज करतोय एवढंच सिद्ध होतं. अल्टरनेटर आत एसी बनवतो आणि रेक्टिफायरमधले डायोड त्याचं डीसी करतात. इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमधे शिरू नये हे कामही त्याच डायोडचं असतं. एखादा डायोड लीक झाला की चार्जिंग जवळजवळ नेहमीसारखंच चालतं, बॅटरीचा दिवा पण लागत नाही, आणि रात्रभर करंट मात्र मागच्या दाराने जात राहतो. दिवसाला ०.४ गुणिले २४ म्हणजे साडेनऊ एएच. तीन दिवसांत तुमच्या बॅटरीची निम्म्याहून जास्त रिकामी. तुमचा शुक्रवार-सोमवारचा हिशोब बरोबर जुळतो बघा.

खात्री अशी करा. आधी बॅटरीचं मायनस काढा. हे आधीच, कारण अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरचा नट (बी प्लस) कायम लाइव्ह असतो, पाना बॉडीला टेकला तर जोरात ठिणगी पडेल. हातातलं घड्याळ, अंगठी काढून ठेवा. मग बी प्लसची वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा, आणि मीटर परत मायनसमधे लावून गाडी झोपू द्या. आकडा खाली आला तर चोर सापडला. ती वायर सुटी असताना इंजिन अजिबात चालू करायचं नाही.

लाल_काळी_वायर

ताईंच्या टेस्टसोबत ही पण करून बघ. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोज. डायोड चांगले असतील तर एसी अगदी थोडा दिसतो, ०.१ च्या आसपास किंवा त्याच्याही खाली. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर डायोड गेलाय असं समज. पण आकडा कमी आला म्हणून अल्टरनेटर निर्दोष धरू नकोस, थोडासाच लीक असलेला डायोड यात पकडला जाईलच असं नाही. शिवाय स्वस्तातले काही मीटर एसी रेंजवर डीसी पण मोजून भलताच आकडा दाखवतात.

शनिवारचा_मेकॅनिक

सापडला!! बी प्लस काढली, मायनसमधे मीटर, अर्धा तास थांबलो, ०.०३. परत जोडून बघितली, ०.४३. खात्रीसाठी परत काढली, पुन्हा ०.०३. आता शंकाच नाही. एसी व्होल्ट ०.२ च्या आसपास आले, म्हणजे एकट्या त्या टेस्टवर राहिलो असतो तर काहीच ठरलं नसतं. खरंच सांगतो, त्या मीटरवरचा आकडा ०.०३ वर आलेला बघून जो आनंद झाला तो नवीन पार्ट बसवून कधी झाला नसता.

आता पुढे काय? अख्खा अल्टरनेटर बदलायचा की नुसता रेक्टिफायर मिळतो? तोपर्यंत गाडी वापरायची कशी?

वायरिंगवाली_ताई

बऱ्याच अल्टरनेटरचा रेक्टिफायर सुटा मिळतो, तुमच्या अल्टरनेटरवर जो पार्ट नंबर छापलाय त्यावरून शोधा, गाडीच्या मॉडेलवरून नको, एकाच मॉडेलला दोन वेगळे अल्टरनेटर बसलेले असतात. पण स्टेटरच्या (अल्टरनेटरमधल्या स्थिर कॉइलच्या) तारा रेक्टिफायरला डाखलेल्या असतात, त्या सोडवायला आणि परत डाखायला चांगल्या वॅटेजचा सोल्डरिंग आयर्न लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या बारीक आयर्नने ते टाके वितळत नाहीत, अर्धवट डाखलेला टाका गरम होऊन महिन्याभरात सुटतो. हाताला सवय नसेल तर अल्टरनेटर तुम्ही काढा, आतलं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बसवा तुम्हीच. बेल्ट काढण्याआधी त्याचा मार्ग फोटो काढून ठेवा.

उघडाच आहे तर बाकीचंही बघून घ्या. कार्बन ब्रश किती उरलेत, स्लिप रिंगला (ब्रश जिच्यावर घासतात तिला) खाच पडलीये का, आणि पुली हाताने फिरवून बेअरिंग खरखरतंय का. आठ-नऊ वर्षांच्या अल्टरनेटरमधे ब्रश संपत आलेले असण्याची बरीच शक्यता असते, ते तसेच ठेवून परत बसवणं म्हणजे काही दिवसांनी तेच काम पुन्हा.

जुन्या रेक्टिफायरवर मीटर डायोडच्या चिन्हावर ठेवून प्रत्येक डायोड दोन्ही बाजूंनी तपासा. चांगला डायोड एका बाजूने ०.४ ते ०.७ दाखवतो आणि प्रोब उलटे केले की काहीच नाही. लीक झालेला दोन्ही बाजूंनी काहीतरी दाखवेल. कधीकधी मीटरच्या एवढ्याशा व्होल्टेजला लीक दिसत नाही, तेव्हा तुमची ०.४३ आणि ०.०३ ची टेस्टच खरी धरायची.

डिकीतला_जॅक

तोपर्यंत वापरायला हरकत नाही, फक्त एका रात्रीपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा. आणि नव्या बॅटरीला चार्जरवर एकदा पूर्ण चार्ज द्या, जंप देऊन थोडंफार फिरवल्याने ती भरत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि तेवढी कपॅसिटी परत येत नाही. चार्ज करून रात्रभर सुटी ठेवा आणि सकाळी मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर मस्त. १२.४ च्या खालीच राहत असेल तर वॉरंटीत दाखवा, पण अल्टरनेटर दुरुस्त झाल्यावर, नाहीतर बदलून मिळालेली पण तशीच बसेल.

शनिवारचा_मेकॅनिक

चार्जरवर लावली आहे आत्ता. पार्ट नंबर लिहून घेतला, अल्टरनेटर या शनिवारी खाली उतरवतो. ब्रश आणि बेअरिंगचं काय निघतं ते फोटोसकट इथेच टाकतो, टाके मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच घालून घेईन.