रहस्यकादंबरीसाठी विषारी वनस्पतीची निवड कशी करावी?

प्रश्न :
मी लिहीत असलेल्या रहस्यकादंबरीतील खून वनस्पतिजन्य विषाने होतो आणि त्याचा छडा वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका लावते. वनस्पतीचे वर्णन, विषबाधेची लक्षणे आणि गुन्हा उघडकीस येण्याची रीत या गोष्टी जाणकार वाचकालाही पटाव्यात, अशी माझी इच्छा आहे. विषाची मात्रा किंवा कृती मला नको आहे आणि ती मी पुस्तकात छापणारही नाही. धोतरा, बचनाग आणि कण्हेर यांपैकी कोणती वनस्पती निवडावी, आणि कथानक एकोणिसाव्या शतकात ठेवावे की आजच्या काळात, याविषयी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
मृत्यूपूर्वीचा प्रसंग आपल्याला कसा रंगवायचा आहे, ते आधी ठरवावे. धोतऱ्याच्या बाधेत तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि माणूस असंबद्ध बरळू लागतो, त्यामुळे त्याच्या शेवटच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. याउलट बचनागाच्या बाधेत ओठ व जीभ मुंग्या येऊन बधिर होतात, हृदयाची लय बिघडते, पण शुद्ध बराच वेळ टिकू शकते. म्हणजे आपल्या पात्राला स्वतःची अवस्था स्वतःच्या तोंडून सांगता येईल. मात्र बचनाग ही थंड, डोंगराळ प्रदेशातील वनस्पती आहे, हे स्थळ निवडताना विसरू नये.

प्रतिसाद २ :
माझे मत एकोणिसाव्या शतकाच्या बाजूने आहे, कारण तेव्हा तपास करणाऱ्याची खरी कसोटी लागत असे. मृतदेहातून वनस्पतिजन्य विष वेगळे काढण्याची रीत बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ ज्यां स्तास यांनी १८५० साली निकोटिनच्या एका खून प्रकरणात शोधली. पुढे १८८१ साली इंग्लंडमध्ये डॉ. लॅमसन यांनी आपल्या मेहुण्याला बचनागातील ॲकोनिटिन दिले, तेव्हा त्या द्रव्यासाठी खात्रीची रासायनिक चाचणी नव्हती, म्हणून तज्ज्ञ थॉमस स्टीव्हन्सन यांनी मृतदेहातून काढलेला अर्क स्वतःच्या जिभेवर ठेवून येणारा बधिरपणा ओळखला आणि त्यांची साक्ष न्यायालयात टिकली. असा पुरावा आज कोणी देऊ शकणार नाही.

प्रतिसाद ३ :
वरील मताशी मी सहमत नाही. आपली नायिका वनस्पतिशास्त्राची आहे, त्यामुळे कण्हेर आणि आजचा काळ हीच जोडी योग्य ठरेल. कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद हा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा असतो : पानाच्या खालच्या बाजूस खोल खळगे, त्यांत दडलेली पर्णरंध्रे आणि त्यांवर केसांचे आच्छादन. वर्षानुवर्षे हा छेद शिकवलेल्या बाईंना उरलेल्या अन्नातील पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय कण्हेरीतील द्रव्ये डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाशी इतकी मिळतीजुळती असतात, की त्या औषधासाठीच्या रक्तचाचणीत तीही दिसू शकतात. रुग्ण ते औषध घेतच नसताना चाचणीत ते आढळणे, हा आपल्या कथेतील पहिला धागा होऊ शकेल. पिवळी कण्हेर मात्र वेगळ्या प्रजातीची आहे. कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात असतात, तशी तिची नसतात.

प्रश्नकर्ता :
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. कण्हेर निश्चित केली. शवविच्छेदनात जठरात सापडलेल्या तुकड्यावरही ही ओळख पटू शकेल काय?

प्रतिसाद ३ :
होय. पानावरील मेणचट उपत्वचा पचनाला दाद देत नाही, म्हणून पृष्ठभागाची ठेवण तुकड्यांवरही वाचता येते. तथापि न्यायालयासाठी एवढ्यावर थांबू नये. द्रवीय क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन या द्रव्ये वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतींनी ओलिअँड्रिन हे कण्हेरीतील विष सिद्ध झाल्याचा अहवाल प्रयोगशाळेकडून येऊ द्यावा, आणि प्रयोगशाळेने नेमके तेच का शोधावे, हे मात्र बाईंनी सांगावे.