कानात सतत आवाज (टिनिटस): ॲक्ट थेरपी घ्यावी की कोच? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, पन्नाशीला टेकलेली. गेल्या गणपतीनंतर कानांत बारीक, उंच पट्टीतला आवाज सुरू झाला तो आजतागायत बंद नाही. ईएनटी झाले, ऑडिओग्राम झाला. उजव्या कानाला वरच्या पट्टीतलं जरा कमी ऐकू येतं, दोन कानांत फरक आहे म्हणून एमआरआयही काढला. तो स्वच्छ. गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "यावर औषध नाही, सवय करून घ्या," आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

सवय करून घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

दिवसा कामाच्या रगाड्यात निभतं. रात्री पंचाईत. नाशिकच्या थंडीत टेबलफॅन लावून झोपते, फॅनचं तोंड भिंतीकडे, म्हणजे वारा न लागता नुसती घरघर मिळते. मिस्टर उशी घेऊन हॉलमध्ये गेलेत. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम, आज किती आहे ते तपासणं. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, ते सोडलं, कारण टाळ-झांजांनंतर आवाज चढतो असं वाटतं. लग्नकार्यं टाळते. एकटीने शांत बसणंही टाळते. आता उरलं काय, तर यूट्यूबवर उपाय शोधणं.

मी तशी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या वळणातली. कि. मो. फडके आणि आनंद नाडकर्णी यांच्यामुळे या पद्धतीचा जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आपल्याकडे घराघरांत पोचला, त्या घरांतलं एक आमचं. त्यामुळे "मला हे सहन होणारच नाही" असा विचार आला की त्याला पुरावा मागायचा, त्याची उलटतपासणी घ्यायची, हे अंगवळणी पडलंय. सासूबाईंच्या आजारपणात याचा फार उपयोग झाला. पण इथे रात्री दोनला वाद घालत बसते आणि वाद जिंकला तरी झोप येत नाही. उलट वाद घालायचा म्हणजे आवाजाकडेच लक्ष द्यावं लागतं.

पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंशी ऑनलाइन ओळखीची भेट झाली. त्या 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' करतात, सगळे तिला ॲक्ट म्हणतात. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात ती उभी करायला सुरुवात केली. बाईंनी मला एक प्रयोग करायला लावला. 'दूध' म्हटल्यावर काय आठवतं ते आधी विचारलं (साय, उतू जाणं, गॅसचा ओटा). मग अर्धा-पाऊण मिनिट भराभर दूध-दूध-दूध म्हणायला सांगितलं. थोड्या वेळाने साय गेली, ओटा गेला, नुसता द-ध-द-ध असा खडखडाट राहिला. मग तेच "वेड लागेल" या शब्दांचं केलं. हसू आलं, हे कबूल. पुढे म्हणाल्या, विचार खोडायचा नाही, "मला वेड लागेल असा विचार मला येतोय" एवढंच म्हणायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. आणि स्पष्ट सांगितलं की आवाज कमी करणं हे या थेरपीचं उद्दिष्टच नाही.

इथे माझं घोडं अडलंय. उद्दिष्टच नाही, तर पैसे कशाचे द्यायचे? डॉक्टर फुकटात "सवय करा" म्हणाले, या फी घेऊन तेच म्हणतायत का?

त्यात भाचीने एक कोच सुचवलाय. 'सर्टिफाइड ॲक्ट वेलबीइंग कोच', आठ आठवड्यांचं पॅकेज, सगळी रक्कम आधी. बोलतो छान, मराठीत बोलतो, आणि "आपण भूतकाळ उकरत नाही, कृतीवर भर देतो" म्हणतो, ते मला आवडलं. थेरपिस्टकडे जाणं म्हटलं की घरात चेहरे पडतात, कोच म्हटलं की चालतं, हाही भाग आहेच.

तर टिनिटस, जुनं दुखणं, मायग्रेन असं न जाणाऱ्या त्रासासाठी कोणी ॲक्ट घेतली आहे का? नेमका काय फरक पडला? आणि कोच की थेरपिस्ट, तुम्ही काय केलं असतं?

(तुळशीचा रस, कापूर-तेल, कानात धूर हे सगळं झालंय. कृपया नको.)

– पितळीघंगाळ

प्रतिसाद

गवतीचहा: ताई, माझी कंबर. डिस्क. ऑपरेशनची गरज नाही आणि गोळ्यांनी भागत नाही, अशा मधल्या अवस्थेत अडकले होते. ॲक्ट घेतली. दुखणं किती कमी झालं विचाराल तर फार नाही. पण आधी माझा प्रत्येक बेत 'कंबर थांबली की' या अटीवर असायचा. थेरपिस्टने अट काढून बेत करायला लावले. पहिला बेत अगदी क्षुल्लक होता, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत, हवं तेव्हा उभं राहता येईल अशा जागी बसायचं. दुखलं. गेले. तुमच्या "पैसे कशाचे" या प्रश्नाला माझं उत्तर हे, की पैसे गॅदरिंगचे. डॉक्टरांच्या "सवय करा" मध्ये हा भागच नसतो.

उंदीरमामा_रिटायर्ड: +१. फक्त भारावून जाऊ नका. २०१५ साली ॲक्टच्या ३९ चाचण्यांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. काहीच न करणं किंवा नेहमीचे उपचार यांपेक्षा ॲक्ट सरस ठरली, पण सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) प्रस्थापित पद्धतींशी तुलना केल्यावर खास फरक दिसला नाही. म्हणजे चालते, जादू नाही. शिवाय एलिसला तुम्ही कोर्टातला वकील करून टाकलंय, तो तेवढाच नव्हता. गैरसोय सोसण्याची ताकद, स्वतःचा बिनशर्त स्वीकार, हे त्याचेच मुद्दे. दोन्हींत भांडण लावायची गरज नाही.

खारीकखोबरं: मी ऑडिओलॉजिस्ट. टिनिटसपुरतं बोलते. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत, टिनिटसचा मनस्ताप होत असेल तर गटाने एकत्र घ्यायच्या ज्या मानसोपचारांचा विचार करावा असं म्हटलंय, त्यांत सीबीटी आणि माइंडफुलनेसच्या जोडीला ॲक्टही आहे. स्वीडनमध्ये टिनिटस रिट्रेनिंग थेरपीशी (समुपदेशन आणि मंद आवाज वापरून टिनिटसची सवय लावणारी पद्धत) तिची थेट तुलना झाली (२०११), त्यात ॲक्टचा निकाल उजवा होता.

मेंदूला जो आवाज धोक्याचा वाटतो त्याच्यावर तो पहारा ठेवतो. तुमची रोज सकाळची मोजणी हा तोच पहारा. तो सैल झाला की आवाज असूनही मागे पडतो, आणि बऱ्याच लोकांना काही तास तो लक्षातही येत नाही. थेरपीचा जोर आहे तो इथे.

पेटी सोडू नका. बंद सभागृहात झांजांशेजारी बसणार असाल तर वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घाला. पण घरात, बाजारात कान बंद करून फिरू नका, शांततेत टिनिटस जास्तच जाणवतो. फॅन चालू राहू दे, त्यात गैर काही नाही. उजव्या कानाला श्रवणयंत्राची ट्रायल घेतली का? ऐकू कमी येत असेल तर त्यानेही अनेकांना टिनिटसमध्ये आराम पडतो. आवाज कधी नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडू लागला किंवा ऐकणं अचानक कमी झालं, तर मात्र लगेच ईएनटी गाठा. तेव्हा थेरपी-बिरपी नंतर.

दुपारचीलोकल: कोचबद्दल. ॲक्टची जी मूळ आंतरराष्ट्रीय संघटना आहे, एसीबीएस, ती कुणालाही 'सर्टिफाइड ॲक्ट थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र देत नाही, तसं न करण्याचं तिचं धोरणच आहे. त्यामुळे हे 'सर्टिफाइड' कुठल्या तरी खासगी कोर्सचं असणार. कोर्स चांगलाही असेल, पण कोणाचा, किती तासांचा, ते विचारा. कोचिंगमधली नावाजलेली संस्था आयसीएफ. तिच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राला साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो. तेही कोचिंगचं, मानसोपचाराचं नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नंबर मागितला तर राग यायचं कारण नाही.

मी स्वतः कोच घेतलाय, नोकरी बदलताना, आणि उपयोग झालाय. पण तुमची झोप उडालीय, माणसं तुटत चाललीत. अशा वेळी डिप्रेशन आहे की नाही हे आधी कोणीतरी शिकलेल्याने बघायला हवं. ते नाही असं ठरल्यावर कोच जरूर घ्या. आणि आठ आठवड्यांचे पैसे एकदम? मी दिले नसते.

गवतीचहा: हो, आणि फी जड वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ताणाबद्दलची एक सचित्र पुस्तिका आहे, २०२०ची, ॲक्टवरच बेतलेली. सोबत ऑडिओ व्यायाम आहेत. त्यांच्या साइटवर फुकट मिळते. रात्री फारच अंगावर आलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

पितळीघंगाळ: सगळ्यांचे मनापासून आभार. खारीकखोबरं, श्रवणयंत्राचं मला कोणीच सुचवलं नव्हतं, या आठवड्यात चौकशी करते. पुण्याच्या बाईंना नोंदणी क्रमांक विचारला, त्यांनी लगेच पाठवला. चार सेशन्स त्यांच्याकडे करायची ठरवलीत. कोचला "नंतर बघू" कळवलं, तर त्याने 'आजच्या दिवसापुरती सूट' पाठवलीय. भाचीला दाखवली.

उंदीरमामा, तुमचा एलिसचा मुद्दा पटला नाही, पण तो वेगळ्या धाग्यावर.

एक राहिलंच. मिस्टरांनाही एखाद्या सेशनला बसवावं का? त्यांचं ठाम मत आहे की मी लक्ष देते म्हणून आवाज येतो. जोडीदाराला घेऊन गेलेलं कोणी असेल तर लिहा, इथे नको वाटत असेल तर व्यनि करा.