ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम: ओलं सामान आणि हायपोथर्मिया

पाऊलवाट_७
नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगड करतोय, वर एक रात्र मुक्काम. नऊ जण आहोत. त्यातली पाच कॉलेजची पोरं, पावसातला मुक्काम त्यांना नवीन. तिघांचे तीन तंबू भाड्याने घेतलेत. रात्री १६-१७ अंश असेल असं दिसतंय. एवढ्याशा थंडीत हायपोथर्मिया खरंच होतो, की उगाच बाऊ केला जातो? सॅकला रेनकव्हर पुरतं का? आणि कुणाला झालाच तर वर काय करायचं? महागडी जॅकेटं सुचवू नका, पोरांचं बजेट तुटपुंजं आहे.

कातळमाथा
होतो. त्याला बर्फ लागत नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू. १६ अंश, अंगाला चिकटलेले ओले कपडे, भन्नाट वारा आणि रिकामं पोट एवढ्यावर काम भागतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. वर चौदाशे मीटरच्या आसपास वारा अडवायला फारसं काही नाही.

चढताना सहसा कुणी गारठत नाही, गारठतात ते थांबल्यावर. ओढा ओलांडताना एकेक जण पलीकडे जातो आणि बाकीचे अर्धा तास वाऱ्यात उभे. दोघं तंबू लावतायत, सात जण हात बगलेत घालून बघतायत. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालायची आणि मग तसंच ओलेत्याने फोटो काढत बसायचं. सगळी मेख इथे आहे. म्हणून थांबल्यावर पहिल्या पाच मिनिटांत फ्लीस (लोकरीसारखं उबदार कृत्रिम कापडाचं जॅकेट) अंगावर, त्यावर रेनकोट, तोंडात चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे. मग बाकीची कामं. आणि तंबू लावायला सगळ्यांना जुंपा.

चढताना मात्र रेनकोटात शिजू नका. रस्त्यावर मिळणारा प्लास्टिकचा रेनकोट आतून घामानेच भिजवतो. अंगात पॉलिस्टरची जर्सी आणि ट्रॅकपँट असेल तर चढताना भिजलं तरी चालतं. रेनकोटाचं खरं काम थांबल्यावर वारा अडवायचं, आणि ते तीनशे रुपयांचा रेनकोटही चोख करतो. पोंचो (डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा रेनकोट) माथ्यावर पतंगासारखा उडतो, कमरेला दोरी बांधा. जीन्स आणि सुती बनियन घातलेला पोरगा दिसला तर पाचनईतच कपडे बदलायला लावा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि रात्रभर वाळत नाही.

दोरखंड
रेनकव्हर पुरत नाही. पाणी पाठीच्या बाजूने शिरतं, खांद्याच्या पट्ट्यांवरून खाली ओघळतं आणि कव्हरच्याच तळाशी साचतं. सॅक त्या डबक्यात बसते. कव्हरला तळाशी भोक नसेल तर एक छोटं पाडा.

सामान कोरडं ठेवते ती आतली पिशवी. ५० लिटरच्या सॅकसाठी साधारण ६० बाय १०० सेंमीची, १०० मायक्रॉनची प्लास्टिक पिशवी घ्या, पॅकिंगच्या दुकानात मिळते. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या पातळ असतात, त्याच घेतल्या तर एकात एक दोन. आधी हवा भरून, तोंड धरून दाबून बघा, फुसफुस ऐकू आली की ती पिशवी बाद. सामान भरल्यावर हवा काढा, मान पिळा, उलटी दुमडा आणि जाड रबर लावा. नुसती गाठ मारली तर पाणी झिरपतं, शिवाय ओल्या हातांनी ती सुटत नाही.

त्या पिशवीत स्लीपिंग बॅग आणि रात्रीचा जोड: फुल बाह्यांचा टी-शर्ट, पायजमा, लोकरीचे मोजे, कानटोपी. हा जोड स्वतःच्या वेगळ्या पिशवीत. ओलं काहीही आतल्या पिशवीत जायचं नाही, अगदी रुमालसुद्धा.

आता पोरं हमखास मोडतात तो नियम. रात्रीचा जोड तंबूच्या बाहेर घालायचा नाही. रात्री लघवीला जायचं तर जोड उतरवून, नुसता ओला रेनकोट चढवून, मोज्यांशिवाय चपलेत. सकाळी पुन्हा कालचे ओले, थंडगार कपडे घालायचे. नको वाटतं, पण चालायला लागलं की दहा मिनिटांत अंग गरम होतं. कोरडा जोड सकाळी घालून भिजवला आणि त्या दिवशी खाली उतरता आलं नाही, तर दुसऱ्या रात्रीला हातात काहीच नाही.

तंबू_नाशिक
भाड्याचा तंबू आणल्याबरोबर गच्चीवर लावा आणि पाइपाने दहा मिनिटं पाणी मारा. आतल्या शिवणींवर टेप नसते किंवा उचकटलेली असते, तिथून टपकतं. सीम सीलर (शिवणींवर लावायचा पाणी अडवणारा लेप) लावून एक दिवस वाळू द्या. चार खुंट्या जास्तीच्या घ्या.

खाली ताडपत्री अंथराल ती तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी पाचेक सेंमी आत दुमडा. जरा जरी बाहेर डोकावली तरी पागोळ्यांचं पाणी तिच्यावर पडून थेट पाठीखाली येतं. रात्रभर पोहत झोपणाऱ्यांची निम्मी प्रकरणं हीच. जागा किंचित उताराची, ओढ्यापासून लांब आणि उंच, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. त्या दिवसांत वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येकडून असतो, म्हणजे दार पूर्वेला. कोकणकड्याच्या (गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याच्या) काठाजवळ तंबू नकोच.

बाहेरचं आवरण भिजलं की सैल पडतं आणि आतल्या जाळीला टेकतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा. वरची खिडकी उघडी ठेवा. एकेका माणसाच्या श्वासाघामातून रात्रभरात पावएक लिटर पाणी निघतं, बंद तंबूत तेच छतावरून टपकतं. अभयारण्याची हद्द आहे, तेव्हा वर मुक्काम चालतो का हे वनखात्याच्या चौकीवर आधीच विचारा.

पाऊलवाट_७
फार उपयोगी, आभार. एकाकडे हिमालयातली पिसांची स्लीपिंग बॅग आहे, ती चालेल का? आणि एक दादा म्हणतात, 'क्वार्टर जवळ ठेवा, गरमी येते.'

डॉ_सातमाळा
दादांना सांगा, क्वार्टर खाली उतरल्यावर. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं, पण आतली उष्णता बाहेर जाते. वर माणूस बरळायला लागला की नशा की थंडी, हेही कळत नाही.

ओळखायचं कसं? सुरुवातीला हुडहुडी भरते आणि बोटं ऐकत नाहीत. चिक्कीचा कागद फाडता येत नाही, चेन ओढता येत नाही. अंगठा करंगळीला टेकवायला सांगा, पाच-सहा पावलं सरळ रेषेत, मागच्या पायाच्या बोटांना पुढच्या पायाची टाच लावत चालायला सांगा. जमत नसेल, शब्द अडखळत असतील, एरवी बडबड्या पोरगा गप्प असेल तर कामाला लागा. 'मी बरा आहे' या उत्तराला काडीची किंमत देऊ नका. मधुमेह असलेला कुणी असेल तर साखर उतरल्यावरही असंच दिसतं.

शुद्धीत आहे आणि कुडकुडतोय: वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढा, टिपून कोरडं करा, चोळू नका. खाली दोन मॅट, कारण ओली जमीनही उष्णता ओढते. कोरडे कपडे, टोपी, स्लीपिंग बॅग आणि सगळ्याच्या बाहेर प्लास्टिक किंवा ताडपत्री गुंडाळा, तोंड मोकळं. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून बगलेत आणि छातीशी ठेवा. थेट कातडीला लावू नका, गारठलेल्या अंगाला चटका कळत नाही. गिळता येत असेल तर भरपूर साखरेचं कोमट पाणी, गूळ, खजूर. कुडकुडणं हीच शरीराची भट्टी, तिला इंधन लागतं. अर्धा तास उठवू नका, चालवू नका.

कोरडे कपडे आणि आडोसा दोन्ही नसतील तर ओले कपडे तसेच ठेवून वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळा, त्याने निदान बाष्पीभवन थांबतं.

कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त किंवा गोंधळलेला आहे, तर तो सुधारलेला नाही, बिघडलाय. आडवाच ठेवा, उभा करू नका, तोंडाने काही देऊ नका. हलवताना धसका नको, थंड हृदयाचे ठोके धक्क्याने बिघडतात. कपडे ओढून न काढता कात्रीने कापा. ११२ ला फोन आणि बचाव पथक. रेंज नसेल तर एकट्याला नाही, दोघांना खाली धाडा. नाडी लागत नाही असं वाटलं तर घाईने ठरवू नका, पूर्ण एक मिनिट तपासा आणि मग छाती दाबायला घ्या. थर्मामीटरच्या भरवशावर राहू नका, घरातले बरेच डिजिटल ३२ अंशांखाली आकडाच दाखवत नाहीत.

कातळमाथा
पिसांची बॅग नको. भिजली की पिसांचे गोळे होतात, ऊब संपते आणि दमट हवेत ती वाळतही नाही. कृत्रिम तंतूंची साधी बॅग घ्या. त्यावर 'कम्फर्ट'चा (आरामात झोप लागेल त्या तापमानाचा) आकडा बघा, 'एक्स्ट्रीम'चा (जेमतेम जीव वाचेल त्या तापमानाचा) नको.

गरम पाण्यासाठी स्टोव्ह लागणारच. ओल्या लाकडावर विसंबू नका, शिवाय अभयारण्यात शेकोटी नकोच. ब्युटेनचं कॅन १५ अंशांत व्यवस्थित चालतं. लायटर दोन, वेगवेगळ्या पिशव्यांत. बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आग लागते हे दिसतं तरी, कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही. बाटल्या स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या आणा. मिनरल वॉटरची बाटली उकळत्या पाण्याने आक्रसते आणि बूच निसटून सगळं स्लीपिंग बॅगेत.

पाऊलवाट_७
शेवटचं. वर पोचेपर्यंत दोघा-तिघांचा रात्रीचा जोड भिजलाच तर?

दोरखंड
उजेडाचे तीन तास हातात असतील आणि ओढे चढलेले नसतील तर सरळ पाचनईला उतरा, गावात घरगुती सोय होते. आदल्या दिवशीच कुणाशी तरी बोलून ठेवा. उशीर झाला असेल तर अंधारात ओढे ओलांडू नका. ज्यांचे जोड भिजलेत ते प्रत्येक तंबूत एक असे विभागून, दोन कोरड्या माणसांच्या मधे झोपवा. आणि प्रत्येक तंबूमागे एक जास्तीचा कोरडा जोड तुमच्याच सॅकमध्ये ठेवा. तीन तंबू म्हणजे तीन जोड, दीडेक किलोचं ओझं.